ग्रिल : ओट्यावर की माळ्यावर?

इंदूरच्या एका मराठी कुटुंबात दिवाळीच्या बोनसमधून इलेक्ट्रिक ग्रिल आलं. खोकं उघडताना घरातले पाचही जण भोवती जमले. ‘‘आता हॉटेलात जायलाच नको! पनीर टिक्का, तंदुरी चिकन, सगळं घरीच!’’ मुलगा म्हणाला. सासूबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, ‘‘आणि हे धुणार कोण?’’

तेव्हा सगळे हसले. पण असं उपकरण घेताना खरं तर हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

सुरुवातीचे दिवस कौतुकात गेले. ग्रिलची रचना साधी असते. खाली-वर दोन जाड, नॉनस्टिक, उंच रेघांच्या प्लेट्स, आणि वरची बिजागरीवर उघडणारी. दोन्ही बाजूंनी एकदम उष्णता मिळत असल्यानं पदार्थ उलटावा लागत नाही. तेलाचा नुसता हात पुरतो. काही ग्रिल्सच्या प्लेट्स उतरत्या असतात, त्यामुळे सुटलेली चरबी पुढच्या लहान ट्रेमध्ये निथळते. मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन याच्या नावाचं असंच ग्रिल १९९४ मध्ये बाजारात आलं. त्याच वर्षी त्यानं वयाच्या ४५व्या वर्षी जागतिक हेविवेट अजिंक्यपद पुन्हा जिंकलं होतं. पुढे मात्र घरोघरी त्याचं नाव झालं ते या ग्रिलमुळे!

इंदूरच्या घरातही आठवीतला मुलगा शाळेतून आल्यावर स्वतःचं सँडविच स्वतः भाजून घेऊ लागला. गॅस पेटवायचा नाही, त्यामुळे आईला निर्धास्त वाटायचं. प्लेट तापलेली असताना हात लावायचा नाही, एवढं बजावलं की झालं.

अडचण आली ती रविवारी. ग्रिलवर एका वेळी चार तुकडे मावायचे आणि खाणारी माणसं पाच. पहिला घाणा संपेपर्यंत दुसरा तयार नसायचा. ‘‘अगं, आणखी आहे का?’’ आतून विचारणा व्हायची आणि ती ओट्यापाशी उभीच. शेवटचे, थोडे करपलेले तुकडे तिच्या वाट्याला. पूर्वी ती गॅसपुढे उभी असायची, आता ग्रिलपुढे. फरक तो काय पडला?

त्यातच एके दिवशी एक्स्टेन्शन बोर्डातून जळका वास आला. ग्रिल १५०० वॉटचं. २३० व्होल्टला ते साधारण साडेसहा अँपिअर वीज ओढतं, आणि घरातला नेहमीचा लहान पॉइंट असतो ६ अँपिअरचा. त्याच बोर्डावर मिक्सरही लावलेला! पूर्ण क्षमतेनं वीस मिनिटं चाललं तर या ग्रिलला अर्धा युनिट वीज लागते. म्हणजे बिलाची चिंता फारशी नव्हती, चिंता होती वायरिंगची.

तिसरी गोष्ट कुणी बोलूनच दाखवली नाही. ज्या प्लेटवर आदल्या दिवशी चिकन भाजलं होतं, तिच्यावर सुनेनं एकादशीला रताळ्याचे काप लावले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, आपली लहान कढई काढली आणि स्वतःपुरती रताळी गॅसवर शिजवली. सुनेच्या ते लक्षात आलं. संध्याकाळी तिनं ग्रिल पुसलं, खोक्यात भरलं आणि माळ्यावर ठेवून दिलं.

तीन महिन्यांनी नवऱ्यानंच विषय काढला. ‘‘एवढे पैसे घातले, ते काय माळ्यावर ठेवायला?’’

‘‘अहो, मग तुम्हीच सांगा. ते धुवायचं कुणी आणि मी जेवायचं कधी?’’ तिनं विचारलं.

त्या रात्री पाचही जण एकत्र बसले आणि तीन गोष्टी ठरल्या. इलेक्ट्रिशियनला बोलावून जेवणाच्या टेबलाजवळ १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट बसवायचा. ग्रिलवर फक्त शाकाहारी पदार्थ करायचे, चिकन पूर्वीसारखं गॅसवर, वेगळ्या भांड्यात. आणि धुण्याचं काम नवऱ्याकडे.

ते कामही त्यानं नीट शिकून घेतलं. आधी प्लग काढायचा. प्लेट कोमट झाली की ओल्या मऊ फडक्यानं पुसायची. ग्रिल पाण्यात कधीच बुडवायचं नाही. तारेची घासणी आणि स्टीलचा कालथा दूर ठेवायचा, कारण त्यांनी नॉनस्टिकचा थर खरवडला जातो. प्लेट्स निघणाऱ्या असत्या तर हे काम आणखी सोपं झालं असतं, हेही त्याला तेव्हाच कळलं!

अजूनही कोळशाचा धुरकट स्वाद ग्रिलला येत नाही. फुलका गॅसवरच फुगतो. पनीर मुरवायचं दही पातळ असेल तर टिक्का भाजला न जाता वाफेवर शिजतो, म्हणून दही आधी फडक्यात टांगावं लागतं. पण आता रविवारी ग्रिल टेबलाच्या मधोमध असतं. ज्याचा तुकडा त्यानं ठेवायचा, त्यानंच काढायचा. घाणा अजूनही चारांचाच, पण वाट पाहताना पाचही जण बसलेले असतात. गृहिणीसुद्धा!

परवाच्या एकादशीला सासूबाईंनी कढई काढली नाही. ‘‘सूनबाई, माझे काप जरा खरपूस होऊ देत हं,’’ एवढंच त्या म्हणाल्या.