दोनशे तीसची जागा

नऊ इंची भिंत म्हणजे 230 मिलिमीटर. 1:100 च्या प्लॅनवर तिची जाडी उरते 2.3 मिलिमीटर. तिच्यावर लिहायचा आकडा अडीच मिलिमीटर उंच आणि तीन अंक मिळून सहा मिलिमीटरच्या आसपास रुंद. तो तिथे मावत नाही. 1:50 ला भिंत 4.6 मिलिमीटर होते, तरीही मावत नाही. जोयडा-रामनगर भागात मी घरांचे प्लॅन काढतो. दिवाणखान्याचा 4200 कधीच त्रास देत नाही, तो आपल्या रेषेवर ऐसपैस बसतो. वेळ खातो तो हा 230.

आकडा मावला नाही की ऑटोकॅड त्याला बाहेर काढतं. कुठल्या बाजूला? तर डायमेन्शन देताना तुम्ही दुसरा क्लिक जिथे केला, त्या बाजूला. हे कळायला नव्या मुलांना फार दिवस लागतात. त्यांना वाटतं सॉफ्टवेअर मनाला येईल तसं वागतं. शेजारी मोठी खोली असेल तर बाहेर आलेला आकडा खपून जातो. पण शेजारी 1200 रुंदीचं न्हाणीघर असलं की पंचाईत. 1200 म्हणजे कागदावर 12 मिलिमीटर. त्यातले आठेक त्याच्या स्वतःच्या आकड्याने खाल्लेले. आता तिथे 230 घुसला की दोन्ही आकडे एकमेकांना चिकटतात आणि कुठला कुणाचा हे फक्त काढणाऱ्याला कळतं.

अशा वेळी तीन वाटा असतात. आकडा ओढला की त्याच्याबरोबर डायमेन्शनची रेषाही सरकते, ही पहिली. रेषा जागेवर राहते आणि तिच्यापासून आकड्यापर्यंत लीडर नावाची एक बारीक रेषा जाते, ही दुसरी. तिसरीत आकडा सुटा होतो, लीडरबिडर काही नाही, हवा तिथे नेऊन ठेवा. तिसरी सगळ्यांत सोपी आणि दिसायलाही स्वच्छ, म्हणून सगळ्यांची आवडती. मी ती वापरत नाही. आकडा स्वतःच्याच रेषेवर थोडा डावी-उजवीकडे सरकवायचा असेल तर ठीक. पण रेषा सोडून बाहेर गेलेल्या आकड्याला लीडर हवाच. लीडरने ड्रॉइंग जरा गचाळ दिसतं. दिसू दे.

आणि हे सगळं अगदी शेवटी करायचं. हाताने हलवलेला आकडा भिंत सरकवल्यावर नव्या मापाच्या मध्याला येऊन बसत नाही, भलतीकडेच राहतो. मालक न्हाणीघर मोठं करा म्हणेल, देवघर हलवा म्हणेल. त्याचं म्हणून झालं की मग आकड्यांना हात लावावा.

ट्रेसिंग पेपरवर रोटरिंग पेनने काम करणाऱ्या पिढीत हा प्रश्न उलट्या क्रमाने सुटायचा. शाई वाळली की चूक ब्लेडने खरवडावी लागे, म्हणून आकडा कुठे बसेल हे आधी ठरायचं आणि त्या हिशेबाने डायमेन्शनची रेषा ओढली जायची. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 11669 हे 1986 चं, म्हणजे ड्रॉइंग बोर्डच्याच जमान्यातलं. आकडा रेषेच्या वर, रेषेला न तोडता. आडवी मापं खालून वाचता यावीत, उभी उजवीकडून. दुसरी पद्धत सगळे आकडे आडवे ठेवण्याची. तीही चालते, पण एका कागदावर दोन्ही नकोत. हे सगळं सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आलं आहे. कुठला आकडा कुणाचा वाटेल, हे मात्र सेटिंगमध्ये येत नाही.

सुपा तालुक्यात (कागदोपत्री आता जोयडा, जुनी माणसं अजून सुपाच म्हणतात) आकड्याच्या जागेचं महत्त्व सांगायला लांब जायला नको. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव धरणात गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, बरीच कुटुंबं रामनगरला वसली. 1987 साली पुरं झालेलं हे धरण 101 मीटर उंच आणि 332 मीटर लांब. ही दोन्ही मापं ड्रॉइंगवर अडचणीत येणारी नव्हेत. धरणाचा खरा आकडा 564, जलाशय पूर्ण भरल्यावर पाण्याची समुद्रसपाटीपासूनची मीटरमधली पातळी. पातळीला दोन टोकं नसतात, त्यामुळे बाणही नसतात. समोच्च रेषेवर असा आकडा लिहिताना रेषा मध्ये तोडतात आणि अंकांचं डोकं चढाच्या दिशेला ठेवतात. रेषेच्या कुठल्या अंगाला डोंगर आणि कुठल्या अंगाला पाणी, हे अंकांच्या बसण्यावरून कळतं. अंक उलटे पडले तर टेकडीचा खळगा वाचला जातो.

घराच्या प्लॅनवर पणाला इतकं काही नसतं, पण वाचणाऱ्याची परिस्थिती कठीण असते. आमच्या साइटवर गवंडी मराठी किंवा कोकणी बोलणारा, सेंटरिंगवाला कन्नड, बार बेंडर आणखी कुठला. टीपा कुणी वाचत नाही. आकडा आणि बाण मात्र सगळे वाचतात. त्यात इथला पाऊस. मूळ प्रिंट मालक घरी जपून ठेवतो, कामावर येते ती तिची ए-4 झेरॉक्स, घडी घातलेली, ओली. ए-3 चं ए-4 झालं की अडीच मिलिमीटरचा अंक पावणेदोनवर येतो. म्हणून मी अंक साडेतीनचे ठेवतो. अक्षरांच्या प्रमाणित उंच्या, 1.8, 2.5, 3.5, 5, कागदाच्या मापांच्याच पटीत वाढतात. एक माप लहान झेरॉक्स काढली की साडेतीनचे बरोबर अडीच होतात. ही योजना ज्यांनी केली त्यांना मी मनातल्या मनात नमस्कार करतो. अर्थात अंक मोठे केले की 230 आणखीच मावेनासा होतो आणि लीडर आणखी वाढतात. ती किंमत द्यावी लागते.

तेव्हा घर बांधायला काढलं असेल आणि प्लॅन हातात आला असेल, तर दिवाणखाना किती मोठा हे नंतर बघा. आधी त्याची ए-4 झेरॉक्स काढा, तिच्यावरचा सगळ्यांत लहान आकडा शोधा आणि तो कुठल्या भिंतीचा हे घरातल्या कुणालाही विचारा. उत्तर देताना माणूस अडखळला, तर फी दिलेली असली तरी ड्रॉइंग परत पाठवा.