न दिसणारा पोचा

विमानांच्या सुरक्षेवर बोलताना आपण पायलट, इंजिन आणि हवामान यांच्यापलीकडे सहसा जात नाही. विमानाचं अंग कशाचं बनलंय, हेही विचारायला हवं.

पूर्वी ते मुख्यतः ॲल्युमिनियमचं असायचं. आता बोइंग ७८७ मध्ये वजनाने सुमारे ५० टक्के आणि एअरबस ए-३५० मध्ये ५३ टक्के भाग कंपोझिटचा असतो. म्हणजे बहुतांशी कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. आपल्या तेजसमध्येही हेच भरपूर वापरलंय.

याचा स्वभाव बांबूसारखा. बांबू आडवा तोडायला घाम फुटतो, पण कोयता उभा मारला की सरळ चिरत जातो. कार्बनचे तंतूही लांबीच्या दिशेने प्रचंड ताण घेतात, आडव्या दिशेने नाही. म्हणून थर ०, ४५, ९० अशा वेगवेगळ्या अंशांत रचतात. मिळतं काय? कमी वजनात जास्त ताकद, आणि गंज नाही. ७८७ च्या केबिनमध्ये ८,००० ऐवजी ६,००० फुटांवरच्याइतका हवेचा दाब ठेवता येतो, तो यामुळेच.

पण दोन थरांच्या मधे धरून ठेवतं ते फक्त रेझिन. ॲल्युमिनियमला धक्का लागला की पोचा पडतो आणि तो दिसतो. कंपोझिट दबून पुन्हा जागेवर येऊ शकतं. वरचा रंग शाबूत आणि आत थर सुटलेले! अशा जागी दाब पडला की सुटे पातळ थर वाकतात आणि ताकद बरीच घटते. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसं इथेही ठोकून आवाज ऐकतात, अल्ट्रासाउंडनेही तपासतात. पण कुठे तपासायचं, हे कुणीतरी सांगायला तर हवं.

डिझाइन करणारे हे जाणतात. अमेरिकेच्या एफएएच्या २००९ च्या मार्गदर्शनात नुकसानीचे पाच प्रकार केलेत. न दिसणारी छोटी इजा गृहीतच धरलेली असते. ती असतानाही भागाने वापरातल्या कमाल भाराच्या दीडपट भार पेलला पाहिजे. पाचवा प्रकार मात्र डिझाइनच्या हिशोबाबाहेरचा. उदाहरणार्थ, जमिनीवरच्या गाडीची जोरदार धडक. तिथे उपाय एकच: ज्याने पाहिलं त्याने लगेच सांगायचं.

माझा मुद्दा इथेच आहे. सामान चढवणारी गाडी विमानाला घासली, तर ते पहिल्यांदा कळतं ड्रायव्हरला. तो बहुतेकदा कंत्राटी असतो. "सांगितलं तर उद्यापासून येऊ नको" अशी भीती असेल तर तो का बोलेल? ॲल्युमिनियमच्या काळात तो गप्प बसला तरी पोचा बोलायचा. आता पोचाही गप्प.

म्हणून विमानतळावर धडक कळवणाऱ्याची नोकरी जाणार नाही, हे लेखी हवं, आणि कंत्राटी कामगारालाही लागू हवं. मला तरी ही कामगारांवरची मेहेरबानी वाटत नाही. त्या विमानात बसणार आपणच आहोत.