नवव्या तासाची किंमत

चि. मुक्ता,


परवा तुझी हिशेबाची वही चाळली. भट्टी रोज ८ तास चालते. ४ तास नानकटाई, ४ तास खारी. नानकटाईत दिवसाला १२०० रुपये सुटतात, खारीत ८००. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंयस, ‘खारी कमी, नानकटाई वाढवायची.’ शिवाय पहाटे तीनला उठून नववा तास भट्टी लावायचा तुझा बेत आहे, असं ताई म्हणाली. म्हणून हे पत्र.

तासाला ३०० आणि २०० ही झाली सरासरी. वाटणी ठरवताना शेवटच्या तासाला काय सुटतं ते बघायचं. तुझेच आकडे मांडून पाहिले. नानकटाईचे पहिले घाणे हातोहात जातात, नंतरचे संध्याकाळी भाव पाडून द्यावे लागतात. पाचव्या तासाला तिच्यात जेमतेम ५० रुपये वाढतात. त्यासाठी सोडलेला खारीचा चौथा तास मात्र १२५ रुपये घेऊन जातो. म्हणजे रोज ७५ चा खड्डा. उलट खारी तासभर वाढवलीस तरी तेवढाच खड्डा पडतो.

कलनशास्त्र हेच विचारतं: वेळ किंचित वाढवला, तर मिळकत कोणत्या दरानं वाढेल? हा दर म्हणजे अवकलज. तो दोन्ही मालांत सारखा झाला की वेळ इकडचा तिकडे करून काही मिळत नाही. तुझ्या ४-४ च्या वाटणीत तो दोन्हीकडे तासाला १०० रुपये आहे. निव्वळ अनुभवानं तू नेमकी जागा गाठलीस, याचं मला फार कौतुक वाटलं.

गणितज्ञ लाग्रांजनं १७८८ साली यामिकीवरच्या आपल्या ग्रंथात बंधनं असलेल्या प्रश्नांसाठी गुणक वापरले. तुझे ८ तास हेही बंधनच, आणि हे १०० रुपये त्याचा गुणक. भट्टीला आणखी थोडा वेळ मिळाला तर त्याचं मोल किती, ते तो सांगतो. पुढे हा दर उतरत जातो. अख्खा नववा तास दोन्ही मालांत नीट वाटलास, तरी हाती येतात सुमारे ८३ रुपये.

मुक्ता, ८३ रुपयांसाठी झोप मोडू नकोस. त्याऐवजी नवं गिऱ्हाईक शोध. रोज नानकटाई उचलणारा एखादा दुकानदार मिळाला, तर भाव पाडावा लागणार नाही आणि हे सगळे आकडे बदलतील. तेव्हा वही घेऊन ये, पुन्हा मांडू.

तुझा,
मामा