नाकात गेलेली मोहरी

मृग तोंडावर आला की देवळाली प्रवरेतल्या आमच्या घरात कैऱ्यांचा हिरवा, आंबट वास कोंडून राही, भंडारदऱ्याच्या पाटाचं पाणी पिऊन वाढलेल्या उसावरून ओलसर वारा ओसरीवर येई, आणि घरातला सगळ्यात हुशार पोरगा (हे माझं मत) म्हणून मला वाण्याकडे पिटाळलं जाई. एका वर्षी लोणच्यासाठी मोहरी आणायची होती. तीन पोती उघडी होती. एकात टपोरे, तपकिरी दाणे, दुसऱ्यात काळीभोर बारीक मोहरी, मूठ भरली तरी बोटांच्या फटींतून सरसर निसटणारी, आणि तिसऱ्यात पिवळी डाळ, जी मी फुटका माल समजून बाजूला टाकली. मिरची जितकी लहान तितकी जहाल, तेव्हा मोहरीचंही तेच, असा गाढा विचार करून मी बारीक आणली.

आजीनं पुडी सोडली आणि पदर तोंडाला लावून हसली. "अरे येड्या, ही फोडणीची. लोणच्याला मोहरीची डाळ लागती."

ती बारीक मोहरी मग वर्षभर मिसळणाच्या डब्यात राहिली. तापल्या तेलात तडतडून ती खरपूस, शहाणी होई. दृष्ट काढताना मिठाबरोबर चुलीत पडली की मात्र आकांत करी, आणि ती तडतडली म्हणजे दृष्ट लागलीच होती असं ठरे. न तडतडणारी मोहरी काही मला कधी दिसली नाही. तिचं खरं रूप कळलं ते खलबत्त्यात. काकडीच्या कोशिंबिरीसाठी आजी थेंबथेंब पाणी घालून मोहरी फेसत असे, पांढुरका फेस चढे, आणि "वास घे बरं" म्हटल्यावर मी भाबडेपणानं वाकलो तो डोळ्यांतून प्रवरा वाहिली.

पुढे, राहुरीला १९६८ साली निघालेल्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या मित्रानं उलगडा केला: अख्ख्या दाण्यात तो झणका नसतोच, दाणा फुटून पाणी लागलं की आतलं विकर तो घडवतं, आणि कढत तेल त्या विकरालाच मारतं. म्हणून फोडणीतली मोहरी गरीब.

आता लेक परदेशातून बाटल्या आणते. पिवळ्या मोहरीची चटणी जिभेवरच चुरचुरते, नाकापर्यंत चढायचे कष्ट घेत नाही. डिजाँची मात्र थेट टाळू गाठते, बंगाल्यांच्या कासुंदीची लांबची मावसबहीणच. थालीपिठाशी दोन्ही छान लागतात, हे कबूल करताना आजीच्या फोटोकडे बघणं मी टाळतो. खलबत्ता दाराला अडण म्हणून लावलाय, मनगटं सुटली, आणि मोहरी मिक्सरमध्ये बर्फाच्या पाण्यानं फिरते, कारण भांडं तापलं की तिचा जोर जातो.

पण झाकण निघालं की साठी ओलांडलेला, घरातला तो सगळ्यात हुशार पोरगा अजूनही आधी नाकच पुढे करतो.