कुबट

'कुबट' हा शब्द मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळला. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझं मराठी घरात बोलण्यापुरतंच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर मराठी विभागाच्या मॅडमनी त्या पोटात घालाव्यात. "लिही गं, काहीही लिही, पानं भरायची आहेत," असं त्याच म्हणाल्या होत्या!

तर गोष्ट गेल्या जूनची. आमचं घर नागपुरातच, पण कॉलेज पडलं शहराबाहेर, म्हणून मी हॉस्टेलला. शनिवारी दुपारी आई-बाबा गाडी घेऊन मला न्यायला येतात. गाडी छोटीशी, सेकंडहँड, आमच्याकडे येण्याआधी नऊ वर्षं कोणीतरी वापरलेली. बाबांनी ती घेतली मुख्यतः आईसाठी, कारण आईला दमा आहे. नागपूरचा मे काय असतो हे बाहेरगावच्या हॉस्टेलाइट्सना आता वेगळं सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान होतं. (२०२४ मध्ये तर ५६ अंशांची बातमी आली होती, पण ते मोजणारं यंत्रच बिघडलेलं निघालं.) अशा उन्हात तोंडाला दुपट्टा बांधून, धूळ खात आईला ऑटोत बसावं लागू नये, एवढाच त्या गाडीमागचा हेतू होता. म्हणून घेताना बाबांनी एकच गोष्ट तपासली, एसी चालतो की नाही.

मे महिनाभर एसी मस्त चालला. मग जूनमध्ये पाऊस आला आणि पाठोपाठ वास आला. हॉस्टेलवाल्यांना चटकन कळेल असं सांगते. बादलीत भिजवलेले मोजे तीन दिवस विसरलात, की चौथ्या दिवशी बाथरूममध्ये जो येतो, तो. एसी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं तर अगदी नाकावर भप्पकन येई. आई म्हणाली, "अहो, कसा कुबट वास येतोय," आणि तिनं काच खाली केली. बाबांनी दुसऱ्या दिवशी मोगऱ्याच्या वासाची जेलची डबी आणून डॅशबोर्डवर चिकटवली. आता मोजे अधिक मोगरा!

त्या रविवारी जेवताना बाबांनी मला विचारलं, "तू मेकॅनिकलला आहेस ना? सांग बरं, काय झालं असेल?"

बाबा बँकेत आहेत. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी आजवर फी आणि रिझल्ट सोडून काही विचारलं नव्हतं. मला इतकं भारी वाटलं, की एक सेकंदही विचार न करता सांगून टाकलं, "गॅस लीक होत असेल. भरून घ्या." थर्मोमध्ये मला चांगले मार्क होते हो! कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर, चारही चौकोन मी झोपेत काढू शकते. त्यातला इव्हॅपोरेटर आमच्या गाडीत नेमका कुठे बसलाय, हे मात्र मला माहीत नव्हतं. बाबांनी अठराशे रुपये देऊन गॅस भरून आणला. वास तसाच.

पुढच्या शनिवारी वर्धा रोडवर जोराचा पाऊस लागला. काचा बंद, एसी सुरू. अजनी चौकाच्या अलीकडे आई खोकायला लागली. आधी नेहमीसारखं, मग वेगळंच, शिटी वाजल्यासारखा श्वास. पर्समधून पंप काढताना तिचा हात थरथरत होता. बाबांनी गाडी कडेला घेतली, चारही काचा खाली केल्या, पाऊस सरळ आत. दहा-बारा मिनिटांनी आईला बरं वाटलं. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "मी आता ऑटोनंच जात जाईन." बाबा काही बोलले नाहीत, नुसते वायपरकडे बघत राहिले. मी मागे भिजत बसले होते आणि मला ते अठराशे रुपये आठवत होते.

सोमवारी मी कॉलेज बुडवून बाबांसोबत रिंग रोडवरच्या एका लहानशा गॅरेजात गेले. तिथल्या काकांनी डॅशबोर्डात नाक घातलं, हुंगलं आणि विचारलं, "गॅस कायले भरला जी? थंड तं करतच होता ना?" मग मोगऱ्याची डबी उचलून म्हणाले, "अन हे काय? बिना आंघोळीच्या पोराले अत्तर लावल्यावानी केलं तुमी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

काकांनी मला गाडीखाली वाकायला लावलं. "पाणी पडते का, पाय." एसी दहा मिनिटं सुरू होता, खालची जमीन कोरडी ठणठणीत. उभ्या गाडीखाली पाणी टपकताना दिसलं की मला वाटायचं, काहीतरी फुटलंय. ते तर टपकायलाच पाहिजे! दमट हवा थंड कॉइलवर आली की तिच्यातलं पाणी सुटतं, खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि एका बारक्या पाइपातून रस्त्यावर पडतं. आमचा पाइप तुंबला होता. काकांनी तार घातली तेव्हा अर्धा मग काळं पाणी आणि त्यासोबत कडुनिंबाची पानं, काड्या, फुलं बाहेर आली.

कडुनिंब आमच्या फाटकाबाहेरचा. गाडी तापू नये, आईला गरम सीटवर बसावं लागू नये, म्हणून बाबा रोज ती त्याच्याच सावलीत लावत. बाहेरची हवा आत घेणारी जाळी समोरच्या काचेच्या पायथ्याशी असते. उन्हाळाभर झाडाचा कचरा तिथून आत गेला. आमच्या मॉडेलला केबिन फिल्टरही नव्हता, नुसती त्याची जागा होती. सावलीसाठी एवढी काळजी घेतली आणि सगळं उलटलं, यावर बाबा एवढंच म्हणाले, "कमाल आहे."

काकांनी ग्लोव्ह बॉक्स आणि ब्लोअर काढला. मग मी आयुष्यात पहिल्यांदा इव्हॅपोरेटर पाहिला. पुस्तकात तो स्वच्छ नागमोडी रेघ असतो. इथे पत्र्यांच्या फटीफटीत करडा, बुळबुळीत थर होता. हीच ती बुरशी. आईच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की हिचे कण दम्याला चांगलीच उचल देतात. फेसाळ क्लीनर मारला, थोडं थांबून परत मारला. तो फेस काळा होऊन खालच्या पाइपातून गळत होता, तरी चार वेळा करावं लागलं.

मेमध्ये वास का नव्हता, हे मात्र मला या सेमला सायक्रोमेट्रिक चार्ट शिकताना कळलं. दुपारचे ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरा, एक किलो हवेत जेमतेम ९ ग्रॅम पाणी. जुलैतले २९ अंश आणि ८५ टक्के धरा, २२ ग्रॅमच्या आसपास. कॉइलवरून थंड होऊन निघालेली हवा सहा-सात ग्रॅमच सोबत नेऊ शकते, बाकीचं ट्रेमध्ये. म्हणजे मेमध्ये घाण होतीच, फक्त कोरडी होती. सर फळ्यावर आकडे मांडत होते आणि मला अजनी चौक दिसत होता.

गंमत म्हणजे, पहिल्या पावसाच्या ज्या मातीच्या वासावर आपण सगळे कविता करतो (या अंकातही तीन असतील), तो बराचसा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. मातीतले सूक्ष्मजीव ते बनवतात आणि काही बुरशासुद्धा. आमची गाडी बिचारी तशी त्याच खानदानातली!

हॉस्टेलच्या कूलरचंही तेच आहे. ऑक्टोबरमध्ये टाकीत तळाला पाणी ठेवून, ओल्या गवतासकट आपण तो कोपऱ्यात ढकलतो आणि मार्चमध्ये पहिल्या दिवशी सगळी विंग नाक धरते. वॉर्डन सरांनी या वर्षी कूलर उचलण्याआधी दोन दिवस नुसता पंखा चालवून वाळवून घेतले तर फार उपकार होतील.

आमच्या गाडीचा वास पूर्ण गेला असं म्हणणार नाही. पावसाची झड लागली की किंचित येतो. पण काकांनी एक सवय लावून दिली. घर पाच मिनिटांवर आलं की एसी बंद करायचा, पंखा तसाच ठेवायचा, बाहेरची हवा आत घ्यायची. कॉइल वाळते. काही नव्या गाड्या गाडी बंद झाल्यावर हे आपणहून करतात. आमच्या गाडीत बाबा करतात. ती पाच मिनिटं दमट, कोमट हवा तोंडावर येते आणि जीव नकोसा होतो. गाडी आता कडुनिंबापासून लांब, उन्हात उभी असते, वर आईची जुनी चादर.

फिल्टर बसवून घेतला, तो मी दर दोन महिन्यांनी काढून बघते. मागच्या शनिवारी बाबांनी परत विचारलं, "स्टिअरिंग डावीकडे ओढतंय, काय असेल?" मी म्हटलं, "माहीत नाही बाबा, आधी खाली वाकून बघू."

आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "अहो, उकडतंय." पण तिनं काच उघडली नाही.