श्यामची चाळ

दोन प्रसिद्ध पुस्तकांची नावे जोडून तिसरे पुस्तक तयार करण्याचा खेळ तुम्ही कधी खेळला आहात का? हे पुस्तक कुठल्याही दुकानात मिळत नाही. नाव जुळवायचे आणि त्याला शोभेल अशी गोष्ट आपणच रचायची.

नावांची गंमत आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. येथे वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 1910 साली आपल्या विनोदी लेखांच्या पुस्तकाचे नाव ठेवले 'सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे'. लेख 18, म्हणून धान्येही अठरा!

मी आणि माझा एक मित्र बडनेऱ्याहून अकोल्याला रोज रेल्वेने जात असू. अंतर सुमारे 80 किलोमीटर. मी मराठी शाळेत शिकलेला, तो उर्दू शाळेत. खेळाचा नियम एकच होता. आपण वाचलेलेच पुस्तक घ्यायचे आणि त्याची मूळ गोष्ट आधी समोरच्याला सांगायची. नाहीतर तो हसणार कसा?

साने गुरुजींचे 'श्यामची आई' आणि पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' मी एकत्र केले. झाली 'श्यामची चाळ'! श्यामची आई चाळीत राहायला येते. नळावर भांडण सुरू झाले की ती म्हणते, "आधी शेजारणीची घागर भरू द्या." हळूहळू सगळे बिऱ्हाडकरू इतके शहाणे होतात की चाळीत भांडणच उरत नाही. मग लेखकाला लिहायला काही सापडेना, म्हणून तो बिचारा खोली सोडून जातो.

मित्राने नजीर अहमद यांची 1869 मधली 'मिरातुल उरूस' घेतली. मराठी माणसाला वाटेल, दर्ग्याच्या उरुसाची गोष्ट असावी. पण येथे उरूस म्हणजे नवरी आणि मिरात म्हणजे आरसा. तिला त्याने लक्ष्मण देशपांडे यांचे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' जोडले. असगरी प्रत्येक तिकिटाचा हिशेब वहीत लिहिते. अकबरीला लंडनच्या विमानतळावरही एक गोड बोलणारी हज्जन भेटते आणि दागिन्यांचा डबा पुन्हा जातो! मूर्तिजापूर येईपर्यंत आम्ही हसत होतो. डब्यातले एक आजोबा तर आम्हांला वेडेच समजले.

एकदा मात्र खेळ अडला. कुर्रतुलऐन हैदर यांची 'आग का दरिया' 1959 ची, आणि उद्धव शेळके यांची 'धग' 1960 ची. दोन्हीकडे विस्तवच! मित्र म्हणाला, "धग का दरिया." उर्दूत दरिया म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्र, यावरही आमचा थोडा वाद झाला. नाव छान जुळले. पण नियमाप्रमाणे मी 'धग'ची गोष्ट सांगू लागलो. संसार सावरण्यासाठी झगडणारी, गरिबीने पोळलेली कौतिक त्याला कळली आणि विनोद कुणालाच सुचेना. त्याने पुस्तक मागून घेतले.

आठ दिवसांनी ते परत करताना तो म्हणाला, "शाळेच्या पुस्तकातली मराठी मला नेहमी परकी वाटायची. पण ही माणसे तर आपल्या बाजारात बोलतात तशीच बोलतात! अशा बोलीचे आणखी काही आहे का?"

परतवाड्याला जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांचे 'पूर्णामायची लेकरं' माझ्या घरी होते. दुसऱ्या दिवशी ते मी पिशवीत टाकून नेले.