एका त्रिकोणी बागेचा हिशेब

गेल्या वर्षी जून महिन्यात चिरंजीवांच्या आग्रहावरून सहा आठवडे टोरांटोस राहण्याचा योग आला. कॅनडातील या सर्वांत मोठ्या शहराच्या मध्यवर्ती भागात, एका उंच इमारतीच्या एकविसाव्या मजल्यावर त्याचे बिऱ्हाड आहे. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. त्यामुळे चौविहार सांभाळणे सोपे गेले. परंतु जेवण उरकल्यावर जो लांबलचक उजेड उरे, त्याचे काय करावे, हा प्रश्न पडे. अशाच एका सायंकाळी नातीने माझे बोट धरले आणि “आजोबा, चला, कुत्र्यांचे कारंजे दाखवते,” असे म्हणून मला बर्झी पार्कात नेले. पुढे तो माझा नित्यनेमच झाला.

फ्रंट, वेलिंग्टन आणि स्कॉट या तीन रस्त्यांच्या बेचक्यात ही त्रिकोणी बाग वसली आहे. पूर्वेच्या टोकाशी लाल विटांची, पाचरीच्या आकाराची गुडरहॅम इमारत उभी आहे. मद्याच्या व्यवसायात अमाप धन मिळवलेल्या एका कारखानदाराने १८९२ मध्ये ती आपल्या कचेरीसाठी पूर्ण केली. बागेकडे तोंड करून असलेल्या तिच्या भिंतीवर डेरेक बेझंट या चित्रकाराने १९८० मध्ये खिडक्यांचे भले मोठे चित्र रंगवले आहे. वाऱ्याने सुटलेल्या पडद्यासारखे ते भासते आणि नवखा माणूस त्यास खऱ्या खिडक्या समजून फसतो. थोड्याच अंतरावर सेंट लॉरेन्स मार्केट आहे. तेथे १८०३ पासून बाजार भरत आला आहे. म्हणजे हा सारा परिसर मुळात आपल्यासारख्या व्यापाऱ्यांचाच. बागेच्या जागीही एके काळी वखारी होत्या. त्या पाडल्यावर तेथे मोटारी उभ्या राहत आणि त्यानंतर बाग झाली.

ती पहिली बाग भोवतालच्या कचेऱ्यांतील नोकरदारांची होती. दुपारी डबा खाण्यापुरती माणसे येत आणि सायंकाळी ती ओस पडे. पुढे आसपास सदनिकांचे उंच मनोरे उठले. तेथे त्यांना ‘कॉन्डो’ म्हणतात. हजारो कुटुंबे राहावयास आली. त्यांना ना अंगण, ना ओटा. अनेकांनी कुत्री पाळली होती. जुने कारंजे जीर्ण झाले होते आणि वाढत्या वर्दळीस ती बाग पुरी पडेना. अखेर महापालिकेने मॉन्ट्रियलच्या क्लोद कॉर्मिए या उद्यानरचनाकाराच्या संस्थेकडे नूतनीकरण सोपवले आणि जून २०१७ मध्ये बाग नव्या रूपात खुली झाली.

कॉर्मिए यांनी मध्यभागी दोन थरांचे भव्य कारंजे उभारले आणि त्याभोवती बिडाचे सत्तावीस श्वान बसवले. ते सर्व तोंडातून पाण्याची धार सोडतात. त्यांच्यात एकच मांजर आहे आणि तिचे लक्ष मात्र जवळच्या दोन पक्ष्यांकडे. कारंज्याच्या शिखरावर एक सोनेरी हाड आहे. ते पाहून प्रथम माझे मन किंचित आक्रसले, हे कबूल करतो. इतक्यात एक वृद्ध गृहस्थ आपल्या थकलेल्या कुत्र्यास घेऊन आले. त्या मुक्या जिवाने खालच्या कुंडात तोंड घातले आणि पोटभर पाणी पिऊन तो तेथेच सावलीत पसरला. माझे आक्रसलेले मन सैल झाले. मुंबईत १८३२ मध्ये सरकारने भटक्या कुत्र्यांची हत्या आरंभली, तेव्हा दंगा उसळला होता. आणि १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई व जैन-हिंदू शेठियांनी मिळून पांजरापोळ स्थापन केली. आपल्या पूर्वजांनी शहराच्या ऐन बाजारात मुक्या प्राण्यांसाठी जागा राखली होती, याचे स्मरण मला सातासमुद्रापलीकडे व्हावे, हा योगच म्हणावयाचा.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे माझी नजर अखेर पैशाकडे वळली. ऑन्टारियो प्रांताच्या कायद्यानुसार निवासी प्रकल्पाच्या जमिनीपैकी पाच टक्क्यांपर्यंतचा भाग उद्यानासाठी, अथवा त्याऐवजी तिच्या मूल्याची रक्कम, मागण्याचा अधिकार नगरपालिकांना आहे. दाट बांधकामासाठी याहून चढ्या दराचीही तरतूद आहे. मनोरा बांधणाऱ्याने सावलीचे देणे फेडावे, हे तत्त्व मला पटले. आपल्याकडेही नियम आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. मात्र त्याहून लहान भूखंडांवर ही सक्ती नाही.

येथेच माझी स्वतःची खतावणी उघडावी लागते. पुण्यातील आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे आणि मी तिचा खजिनदार आहे. आमचा भूखंड ०.४ हेक्टरहून लहान. आवाराच्या कोपऱ्यात एक कडुनिंब, दोन मोडके बाक आणि पक्ष्यांसाठी मातीचे पसरट भांडे, एवढीच आमची बाग. सौभाग्यवती हयात असताना त्या भांड्यात रोज सकाळी गाळलेले पाणी भरीत असे. ती गेल्यावर भांडे कोरडे पडले आणि बागेत अडगळ साचली. नव्या आराखड्यात त्या कोपऱ्यात सहा मोटारींची जागा दाखवली आहे आणि त्यातील एक माझ्या वाट्याची आहे. समितीसाठी टिपण मीच लिहिले होते. त्यात त्या कोपऱ्यास मी ‘अनुत्पादक जागा’ असे म्हटले होते. बँकेत थकलेल्या कर्जास लावावयाचा शब्द मी त्या कडुनिंबास लावला होता.

बर्झी पार्कातील बाकावर बसून मला त्या शब्दाची लाज वाटली. बाग ओस का पडली, याचा शोध न घेता मी ती निर्लेखित करावयास निघालो होतो. टोरांटोकरांनी तसे केले नाही. माणसे बदलली, तर त्यांच्यासाठी त्यांनी बागच बदलली. त्या प्रभागाच्या नगरसेविका पॅम मॅक्कॉनेल यांचे निधन बाग खुली झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलै २०१७ मध्ये झाले. रचनाकार कॉर्मिएही २०२३ मध्ये निवर्तले. बाग मात्र रोज सायंकाळी भरते.

परतल्यावर मी जुने टिपण मागे घेतले आणि नवे सादर केले. त्यात माझ्या वाट्याच्या मोटारीच्या जागेवरील हक्क सोडत असल्याचे लेखी दिले आहे. आणखी दोन सभासदांनी होकार दिला आहे. तिघांचा निर्णय बाकी आहे. समितीतील एका स्नेह्यांनी विचारले, “काका, जागेचा भाव ठाऊक असूनही तुम्ही हे लिहिता?” मी म्हटले, “भाव ठाऊक आहे, म्हणूनच लिहितो.”

सर्वसाधारण सभा पुढील महिन्यात आहे. निर्णय काहीही होवो. तोवर ते मातीचे भांडे मी घासून घेतले आहे आणि सकाळी गाळलेले पाणी आता मी भरतो.